सही कुणाची?

भूमिगत कोळसा खाणीत लोडर नावाचं एक काम असे. सुरुंग उडाला, कोळसा कोसळला, धूर निवळला की लोडर फावडी आणि टोपल्या घेऊन आत शिरत. रुळांवर लोखंडी डबा उभा असे, त्याला टब म्हणत. टब भरायचा, पुढे ढकलायचा, दुसरा ओढून आणायचा. महिन्याचा पगार ठरलेला नव्हता. जितके टब, तितके पैसे. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूस, राजुरा या पट्ट्यात हे काम करायला करीमनगरकडून माणसं आली, छत्तीसगडातून आली, उत्तर प्रदेश-बिहारमधूनही आली. बल्लारपूरच्या कितीतरी गल्ल्यांत आजही तेलुगू कानावर पडतं, त्याचं एक मूळ या टबांमध्ये आहे.

पुढे खाणीत एसडीएल आलं. साइड डिस्चार्ज लोडर म्हणजे विजेच्या केबलवर चालणारं, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर सरकणारं, बुटकं यंत्र. पुढचं सूप कोळशाच्या ढिगात घुसवायचं, उचलायचं आणि बाजूला उपडं करायचं. ते चालवायला एक माणूस पुरतो. लोडरांची टोळी हळूहळू विरळ झाली. काही जण वरच्या कामावर गेले, काहींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि रिटायर झालेल्यांच्या जागी कुणी आलंच नाही. भूमिगत खाणींपेक्षा उघड्या खाणी स्वस्त पडतात म्हणून त्या वाढल्या, आणि तिथे तर फावडं धरलेला माणूस शोधावा लागतो. कोल इंडिया १९७५ मध्ये स्थापन झाली तेव्हा वर्षाला ७.९ कोटी टन कोळसा निघायचा आणि कामगार सहा लाखांवर होते. २०२३-२४ मध्ये उत्पादन ७७ कोटी टनांच्या पुढे गेलं आणि कायम कामगार सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. आपल्याकडची वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, हा त्याच कंपनीचा भाग.

या आकड्यांत एक मेख आहे. सगळे गेलेले कामगार यंत्रानं खाल्लेले नाहीत. कोळशावरची माती काढण्याचं काम, ज्याला खाणीत सगळे ओबी म्हणतात, ते मोठ्या प्रमाणावर ठेकेदारांकडे गेलं. डंपरवर बसलेला तो पोरगाही कामगारच आहे, फक्त कंपनीच्या हजेरीपटावर त्याचं नाव नाही. म्हणून ‘यंत्रांनी नोकऱ्या घेतल्या’ असं कुणी सरसकट सांगू लागलं की आधी विचारावं, नोकरी गेली की नोकरीचा करार बदलला? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पण त्याच खाणीत एक माणूस होता तिथेच राहिला. मायनिंग सिरदार. पाळी सुरू होण्याआधी तो आपल्या हद्दीतल्या प्रत्येक जागी फिरतो. छताला काठी ठोकून आवाज ऐकतो. घट्ट दगड खणखणतो, आतून सुटलेला दगड भदभद वाजतो. हवेतला मिथेन मोजतो. प्रमाण सव्वा टक्क्यावर गेलं तर वीज तोडायची आणि माणसं मागे घ्यायची, असा नियम आहे. मग बांधीव वहीत, छापील क्रमांकाच्या पानावर, पाहिलेलं लिहायचं आणि खाली सही करायची. मिथेन मोजायला आता चांगली इलेक्ट्रॉनिक उपकरणं आहेत, काही खाणींत ती जमिनीवरच्या नियंत्रण कक्षाशी जोडलेलीही असतात. तरीही वही आहे, सही आहे, आणि सही करणाऱ्याला खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी गॅस टेस्टिंग आणि प्रथमोपचाराच्या वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात.

लोडर आणि सिरदार एकाच बोगद्यात, एकाच धुळीत काम करत होते. लोडरचं अंग सिरदारापेक्षा कितीतरी जास्त कष्टायचं. यंत्रानं एकाला उचललं आणि दुसऱ्याला का सोडलं, याचं उत्तर मिळालं तर विद्यार्थ्यांनी काय शिकावं या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

कोणतंही काम उलगडलं तर त्यात एक हाताचा भाग निघतो, एक मापाचा आणि एक जबाबदारीचा. हाताचा भाग यंत्र आधी घेतं. मापाचा भाग त्यानंतर जातो, कारण सेन्सर स्वस्त होत आलेत आणि ते डुलकी घेत नाहीत. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात आज २,९२० मेगावॉटची क्षमता आहे. अशा केंद्रात पूर्वी ऑपरेटर दर तासाला पॅनेलवरचे काटे वाचून कागदावर आकडे उतरवायचे. आता ते आकडे संगणकावर आपोआप चढतात. तिसरा भाग, म्हणजे काही बिघडलं तर उत्तर कोण देणार हा, यंत्राला घेता येत नाही. यंत्राला कोर्टात उभं करता येत नाही, इतकं साधं कारण आहे. मात्र तो भाग कुणाकडे जाईल हे यंत्र ठरवत नाही. ते कायदा ठरवतो, कंपनी ठरवते, कधी गाव भांडून ठरवून घेतं. या प्रकरणात पुढे जे काही आहे ते याच मुद्द्याभोवती आहे.

आता सुरजागडकडे जाऊ. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. लॉइड्स मेटल्स कंपनीला खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. २०१६ च्या डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी तिथली पाऊणशेच्या घरात वाहनं जाळली, आणि काम खऱ्या अर्थानं वेगात सुरू झालं ते २०२१ नंतर. खाण असावी की नसावी हा वाद वेगळा आणि मोठा आहे. २०२३ मध्ये तोडगट्ट्याला माडिया आदिवासी गावकरी प्रस्तावित खाणींविरुद्ध महिनोन् महिने ठिय्या देऊन बसले होते. तो वाद बाजूला सारण्यासारखा नाही, पण इथे आपला विषय खाणीतल्या कामाचा आहे.

खनिज डोंगरावरून खाली आणायला ट्रक लागले. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर ट्रकांची रांग लागली. रस्ता उखडला, धूळ झाली, अपघात झाले, लोक चिडले. त्याच रांगेवर ढाबे चालले, पंक्चरची दुकानं चालली, क्लीनर म्हणून चढलेली पोरं ड्रायव्हर झाली. आणि २०२५ मध्ये खाणीजवळच्या हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीच्या कारखान्यापर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन सुरू झाली. खनिज बारीक दळायचं, पाण्यात कालवायचं आणि तो लाल रबडा पंपानं ढकलत न्यायचा. पलीकडे पाणी वेगळं काढलं की खनिज हाती.

ऑटोमेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हातपाय असलेला रोबो येतो. गडचिरोलीत ते जमिनीखालच्या नळीच्या रूपात आलं. या नळीला स्टेअरिंग नाही. तिला जेवायला ढाब्यावर थांबावं लागत नाही. रस्त्याकाठच्या गावांना धुळीपासून सुटका मिळेल, हे चांगलंच आहे. पण ज्या पोरानं कर्ज काढून ट्रक घेतला असेल त्याच्या हिशोबात ही नळी नव्हती.

नळीला मात्र दुसरी माणसं लागतात. रबड्याचा वेग कमी पडला तर खनिज तळाशी बसतं आणि नळी चोंदते; वेग फार वाढला तर आतून घासून पत्रा पातळ होतो. दाब किती, प्रवाह किती, रबडा किती घट्ट, हे जागोजागी मोजत राहावं लागतं. दाबमापी चुकीचा आकडा दाखवू लागला तर तो मापीचा दोष की नळीत खरंच काही अडकलं, हे सांगणारा तंत्रज्ञ लागतो. आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक नावाचा ट्रेड आहे. आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी इलेक्ट्रिशियन आणि फिटरवर उड्या पडतात आणि या ट्रेडचं नाव घरी सांगितलं तर ‘म्हणजे काय रे?’ असा प्रश्न येतो. नळी, वीज केंद्र, सिमेंट कारखाना, दवाखान्यातला ऑक्सिजन प्लँट, या सगळ्यांना लागणारं कसब एकच आहे. मोजणाऱ्या यंत्रावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, ते.

सुरजागडला आदिवासी मुलींना अवजड यंत्रं चालवायचं प्रशिक्षण मिळालं. त्यांचे डंपरवर बसलेले फोटो वर्तमानपत्रांत आले. मला त्या फोटोंचं कौतुक आहे आणि थोडी काळजीही आहे. कौतुकाचं कारण सांगायला नको. काळजी अशासाठी की पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात, तेही लोहखनिजाच्याच खाणींत, रिओ टिंटो कंपनीचे विनाचालक डंपर २००८ पासून धावत आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवणारी माणसं दीड हजार किलोमीटर दूर, पर्थ शहरात पडद्यासमोर बसतात. खनिज वाहणारी लांबच लांब रेल्वेगाडीसुद्धा तिथे चालकाविना धावते. हे उद्या सकाळी एटापल्लीत येणार नाही. तिथे मजुरी प्रचंड महाग आहे, इथे नाही. शिवाय आपला पाऊस, आपले रस्ते, वाटेत आडवी येणारी गुरं, हे सगळं यंत्राला शिकवायला वेळ लागेल. तरी वीस वर्षांच्या मुलीपुढे चाळीस वर्षांची नोकरी असते, आणि चाळीस वर्षं हा फार मोठा काळ आहे. तिनं डंपर जरूर चालवावा, पण त्या काळात हायड्रॉलिक्स शिकावं, वायरिंगचा नकाशा वाचायला शिकावं आणि खाण कायद्याच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी. योगायोग असा की खाणशिक्षणासाठी गोंडवाना विद्यापीठ आणि लॉइड्स यांनी हात मिळवला तो पर्थच्याच कर्टिन विद्यापीठाशी. म्हणजे चालक नाहीसा कसा होतो, हे आपल्या मुलांना ते जिथे घडलं तिथल्या लोकांकडून शिकता येईल. ही संधी चांगली आहे, फक्त ती डिग्रीपुरती राहू नये.

चंद्रपूर जिल्ह्यात खाणीत जमीन गेलेल्यांच्या घरात एक वेगळंच गणित चालतं. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकराला एक नोकरी असा हिशोब आहे. बारावी किंवा बी.ए. झालेला मुलगा त्या नोकरीवर जनरल मजदूर म्हणून लागतो. वडिलांची जमीन देऊन मिळालेली ही नोकरी, म्हणून ती जन्मभराची वाटते. घरच्यांनाही आणि त्यालाही. खरं म्हणजे जनरल मजदूर ही पायरी आहे, जिथे हाताचाच भाग जास्त असतो. तिथून सिरदार, ओव्हरमन, इलेक्ट्रिशियन, सर्व्हेअर असे रस्ते फुटतात, पण त्यासाठी परीक्षा आहेत आणि त्या कुणी घरी येऊन द्यायला लावत नाही. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण एकोणिसाव्या शतकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. खाणीला वय असतं, हे या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असावं?

मापाबद्दल मघाशी लिहिलं की तो भाग यंत्राकडे जातो. पण कसा जातो यावर बरंच अवलंबून आहे, आणि त्याची दोन उदाहरणं गडचिरोलीतच सापडतात.

पहिलं ‘सर्च’ या संस्थेचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं तेव्हा न्यूमोनियानं लहान मुलं दगावत होती. निदानाची साधी खूण म्हणजे श्वासांची गती. मिनिटाला किती श्वास, हे मोजलं की बरंचसं कळतं. अडचण अशी की गावातल्या सुईणींना शंभरापर्यंत मोजता येत नव्हतं आणि हातात घड्याळ नव्हतं. त्यावर एक उपकरण तयार झालं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि बाजूला तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. घटिका रिकामी होण्याआधी लाल मणी सरकला तर मुलाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचं. अगदी तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच वेगवान असतो, म्हणून त्याच्यासाठी मण्यांची ओळ वेगळी. दहापर्यंत तर प्रत्येकीला मोजता येतं.

या उपकरणानं माप आपल्याकडे घेतलं आणि निर्णय बाईच्या हातात ठेवला. बाळ रडत असताना मोजायचं नाही, दूध पिताना मोजायचं नाही, ते शांत होईपर्यंत थांबायचं, हे तिनं ठरवायचं. औषधही तिनंच द्यायचं. पुढे याच संस्थेनं गावातल्या थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळांची काळजी ही पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली.

दुसरं उदाहरण रोजगार हमीच्या हजेरीचं. रोजगार हमी ही महाराष्ट्रानं देशाला दिलेली योजना, आणि मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, तिचा कणा. कोण कामावर आलं हे मेट, म्हणजे कामावर देखरेख करणारा, किंवा रोजगार सेवक मस्टरवर लिहायचा. त्यात खोटी नावं घुसायची, हे कुणी नाकारत नाही. मग २०२३ च्या जानेवारीपासून सगळ्या सार्वजनिक कामांवर मोबाइल अ‍ॅपवरून हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, तोही कामाच्या जागेवरून. आता भामरागड तालुक्यातला एखादा तलाव डोळ्यांपुढे आणा. मजूर आहेत, काम चाललंय, मोबाइलला रेंज नाही. बाई सकाळी खणून गेली, दुपारच्या फोटोत ती नाही, तर तिचा दिवस कुठे गेला? मेटला माहीत आहे ती आली होती. त्याच्या माहितीला आता किंमत नाही. इथे अ‍ॅपनं माप घेतलं आणि त्यासोबत निर्णयही उचलून नेला. मजुरी अडली की शिव्या मात्र मेटनंच खायच्या.

मण्यांची तार आणि मोबाइल अ‍ॅप यांत तंत्रज्ञान म्हणून दुसरं कितीतरी पुढचं आहे. माणसाला वर उचलणारं पहिलं आहे. संगणकाचे विद्यार्थी अ‍ॅप बनवायला शिकतात तेव्हा त्यांना या दोन गोष्टी शेजारी ठेवून शिकवायला हव्यात. ‘युजर’ कोण, तर भामरागडचा मेट, हे डोक्यात ठेवून.

शेतीकडे वळू. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि पलीकडे गडचिरोलीचा भाग हा धानाचा मुलूख. रोवणीला अजून बायकांच्या रांगा बांधीत उतरतात, पण कापणी आणि चुरण्याचं काम हार्वेस्टरनं झपाट्यानं घेतलं. राइस मिलमध्ये दाणा न् दाणा कॅमेऱ्याखालून जातो आणि काळा-पिवळा दाणा हवेच्या झोतानं बाहेर फेकला जातो. पूर्वी हे काम सुपात व्हायचं.

याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे राहायचे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. १९८३ मध्ये त्यांना शेतात धानाच्या तीन लोंब्या इतरांपेक्षा वेगळ्या दिसल्या, पिवळसर. त्या त्यांनी वेगळ्या काढून ठेवल्या, पुढल्या वर्षी पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. आज हा तांदूळ विदर्भाबाहेरही ताटात आहे. घड्याळ बनवणारा सरकारी कारखाना मात्र क्वार्ट्झच्या घड्याळांपुढे टिकला नाही, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तो बंद करायला मंजुरी दिली.

दाणे वेगळे करणारा कॅमेरा दादाजींच्या डोळ्यांपेक्षा लाखपट वेगानं बघतो. पण तो वेगळा दाणा फेकून देतो. दादाजींनी तो राखला. वेगळेपणात दोष आहे की संधी, हे शेत माहीत असलेल्या माणसालाच कळतं, आणि कृषी विज्ञान शिकणाऱ्या पोरापोरींना रोज बांधावर उभं करायचं ते याचसाठी.

गोष्टीचा दुसरा भाग कडू आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं १९९४ मध्ये हे बियाणं अभ्यासाला घेतलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी या नावानं वाण प्रसारित केलं. दादाजींना पुढे पुरस्कार मिळाले, देशभर नाव झालं, पण वाणाची मालकी आणि त्यातून येणारा पैसा त्यांच्याकडे आला नाही. २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही घरची ओढाताण सुटलेली नव्हती. शेतकऱ्याला स्वतः विकसित केलेलं वाण आपल्या नावावर नोंदवता येतं, असा कायदा आपल्याकडे २००१ मध्ये झाला. दादाजींच्या तीन लोंब्या त्याआधीच्या. निरीक्षण त्यांचं, मेहनत त्यांची, कागद दुसऱ्याचा. नोंदवही ठेवणं, तारीख टाकणं, नमुना जपणं, कुठल्या कायद्याखाली कुठे अर्ज करायचा हे माहीत असणं, या गोष्टी शाळेत कंटाळवाण्या वाटतात. लिहायला आता कृत्रिम बुद्धिमत्ता मदत करेल, अर्जाचा मसुदा मिनिटात देईल. पण नोंदच ठेवली नसेल तर मसुद्यात घालणार काय?

कागद आपल्या हातात आल्यावर काय होतं, ते धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढ्यानं दाखवलं. वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू हे गौण वनोपज, तेव्हा तो गावाचा, असं कायदा सांगत होता. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्यावर सही वनखात्याची. हक्क मिळाला आणि तो वापरायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहिली. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी तो मुद्दा सोडला नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून त्या परवान्यावर सही ग्रामसभेची. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी कित्येक दशकं या जंगलातला बांबू गेला, आणि तो तोडणाऱ्याचा वाटा फक्त तोडणावळ होता.

ग्रामसभेनं बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकायला घेतला की कामाचा चेहरा बदलतो. तेंदूचं पान तोडणं आणि ७० पानांचा पुडा बांधणं अजून हातानंच चालतं, मे महिन्याच्या उन्हात. पण त्यापुढे निविदा काढायची, ठेकेदाराचा करार वाचायचा, फळीवरचे, म्हणजे संकलन केंद्रावरचे, पुडे आणि बँकेतली रक्कम जुळवायची, जीपीएसनं हद्द आखायची, जंगल किती तोडलं तर पुन्हा उगवेल याचा आराखडा करायचा. हे सगळं करायला गावातला शिकलेला मुलगा लागतो. तो मुलगा सध्या काय करतोय? पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावतोय. धावू दे, नोकरी चांगली आहे. पण हजारोंमध्ये जागा मोजक्या, आणि भरती हुकली की हातात उरतं काय, तर सोळाशे मीटरची वेळ. वीस वर्षांपूर्वी घरोघरी डी.एड. होत होतं. ती पदविका कुठल्या यंत्रानं नाही, शिक्षकभरती वर्षानुवर्षं थांबल्यानं निकामी केली. एकाच दारासमोर रांग लावण्याचा धोका यंत्रांच्या आधीपासून आपल्याला ठाऊक आहे.

ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमध्ये मोहर्लीजवळ सीतारामपेठ नावाचं छोटं गाव आहे. तिथे २०२३ मध्ये गावाच्या कडेनं खांबांवर कॅमेरे बसवले गेले. कॅमेऱ्यात आलेलं जनावर वाघ आहे की गाय, हे कृत्रिम बुद्धिमत्ता ओळखते आणि वाघ असेल तर इशारा जातो. रात्री जागून राखण करणाऱ्याचं काम यानं हलकं होतं. पण चंद्रपुरात वाघाच्या हल्ल्यात माणसं बहुतेक मरतात ती मोहफुलं वेचताना, तेंदू तोडताना, सरपण आणताना, म्हणजे जिथे खांब नाहीत तिथे. आज कुठल्या टोळीतल्या किती बायका कोणत्या बाजूला गेल्यात, हे कॅमेऱ्याला माहीत नसतं. गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलातल्या पोरांना माहीत असतं. इशारा वाजल्यावर गर्दीला मागे कसं ठेवायचं, वाघाला वाट मोकळी कशी ठेवायची, हेही तेच जाणतात. या पोरांना आकडेवारी ठेवायला, नकाशा वाचायला आणि कॅमेऱ्यानं केलेली चूक नोंदवून परत कळवायला शिकवलं, तर ते कॅमेऱ्याचे पहारेकरी न राहता शिक्षक होतील. कारण मॉडेल शिकतं ते अशा दुरुस्त केलेल्या चुकांवरच.

भाषेचंही तसंच आहे. तहसीलसमोर बसून अर्ज लिहून देणाऱ्याचं, टायपिंग करून देणाऱ्याचं काम यापुढे कमी होत जाणार, यात शंका नको. मराठीत अर्ज आता फोन लिहितो. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र २००१ पासून महाराष्ट्रात घराघरांत पोहोचलं, नोकरीच्या जाहिरातीत ते अजून मागतात, पण टाइप करता येण्याला बाजारात मोल राहिलेलं नाही. गोंडीचं मात्र उलटं आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख निघाले, आणि तरी यंत्राला शिकवायला पुरेल इतका मजकूर या भाषेत लिहिलेला नाही. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं २०२५ मध्ये आदिवाणी नावाचं भाषांतराचं अ‍ॅप आणलं, त्यात गोंडी आहे. पण गोंडी गावागणिक बदलते. भामरागडची माडिया आणि गोंदियाकडची गोंडी यांत अंतर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात फोननं डॉक्टरांचं वाक्य उलथवून सांगितलं आणि गोळ्या दिवसातून किती, यात गफलत झाली, तर? बरोबर की चूक हे सांगणारा माणूस तिथे हवा. माडिया, मराठी आणि सीमेवरची तेलुगू अशा तिन्ही भाषा घरातच शिकलेली मुलगी वसतिगृहात आल्यावर पहिली भाषा लपवायला शिकते. तिच्याकडे असलेली ही दुर्मिळ गोष्ट आपल्या शाळा अजून गुणपत्रिकेत कुठे लिहीत नाहीत.

धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मुलं आधी गोंडीत शिकतात, मग मराठी आणि इंग्रजीकडे जातात. शाळा गावानं ठराव करून काढली, शिक्षकही गावानं नेमले. शिक्षण विभागानं ती अनधिकृत ठरवून नोटीस काढली. ग्रामसभेचं म्हणणं, राज्यघटनेनं आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्यानं हा अधिकार आम्हाला दिला आहे. शाळेच्या दाखल्यावर कुणाची सही चालायची, हा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला.